डोहाळे म्हणून सोडून देऊ नका

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गरोदर बाईच्या उलट्या आपल्याकडे कुणी फारशा मनावर घेत नाही. ‘दिवस गेलेत म्हटल्यावर उलट्या होणारच’, ‘सूनबाईचे डोहाळे कडक दिसतात’, ‘आमच्या वेळी तर पाचवा महिना लागेपर्यंत पाणी ठरत नव्हतं, म्हणून का आम्ही दवाखान्यात गेलो?’ अशी वाक्ये घराघरांतून ऐकू येतात. ‘उलट्या जास्त म्हणजे गर्भ चांगला धरला’ असा दिलासाही दिला जातो. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. बहुतेक बायकांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरेही ठरते. गरोदरपणात दहापैकी सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतो आणि चौथा-पाचवा महिना लागेपर्यंत बहुतेकींचा ओसरतो.

मला आज बोलायचे आहे ते उरलेल्या थोड्या जणींविषयी. शंभर गरोदर बायकांत साधारण एक ते तीन जणींच्या उलट्या साध्या नसतात. सकाळी, दुपारी, रात्री, कधीही उलटी होते. चूळ भरलेले पाणीसुद्धा आत राहत नाही. वजन झपाट्याने उतरते. पन्नास किलोच्या बाईचे वजन अडीच किलोंनी किंवा त्याहून जास्त घटले, तर डॉक्टर त्याला साधे डोहाळे मानत नाहीत. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम’ असे नाव आहे. आपण तिला ‘गरोदरपणातील अतिवांती’ म्हणू. अशा बाईला पाणी कमी पडते, क्षार कमी पडतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. पण आणखी एक गोष्ट कमी पडते आणि तिच्याकडे मात्र लक्ष जात नाही. ती म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन. ते संपले की इजा होते ती थेट मेंदूला.

आपले शरीर काही गोष्टींचा साठा करून ठेवते. ब-12 जीवनसत्त्वाचा साठा कित्येक महिने, काहींना तर वर्षानुवर्षे पुरतो. थायमिनचे तसे नाही. निरोगी माणसाच्या अंगात ते सगळे मिळून 25 ते 30 मिलीग्रॅम असते. रोजची गरज एक-दीड मिलीग्रॅमची आणि गरोदरपणात ती आणखी वाढते. पोटात काहीच ठरत नसेल तर ही शिल्लक दोन-तीन आठवड्यांत संपते. तीन आठवड्यांचा हा हिशेब कृपा करून लक्षात ठेवा. ‘चौथा महिना लागला की थांबेल’ म्हणून वाट पाहणाऱ्या घरात तीन आठवडे कधी उलटले ते कळतही नाही.

थायमिनचे शरीरात काम काय? आपण भात, भाकरी, साखर खातो, त्याचे पोटात ग्लुकोज होते. हे ग्लुकोज म्हणजे चुलीतले सरपण. पण नुसते सरपण रचून चूल पेटत नाही, त्याला काडी लावावी लागते. ही काडी म्हणजे थायमिन. ते नसेल तर ग्लुकोज असूनही पेशींना त्यातून पुरेशी ऊर्जा मिळत नाही. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा त्याला एकट्याला लागते. म्हणून थायमिन संपले की पहिली झळ मेंदूला लागते. त्यातही मेंदूच्या खोल, मध्यभागातल्या काही जागा अधिक हळव्या असतात. डोळ्यांची हालचाल, शरीराचा तोल आणि नव्या आठवणींची नोंद या गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात.

या आजाराचे नाव ‘वेर्निके एन्सेफॅलोपॅथी’. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1881 मध्ये तीन रोग्यांची हकीगत लिहिली, त्यावरून हे नाव पडले. त्या तिघांपैकी दोघे दारूच्या व्यसनातले पुरुष होते. तिसरी होती एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायले होते. त्यातून ती वाचली, पण जठराचे तोंड आखडले आणि तिला सतत उलट्या होऊ लागल्या. पुढे तिचा तोल गेला, डोळे फिरेनासे झाले, शुद्ध हरपली आणि ती दगावली. पुढच्या काळात हा रोग ‘दारुड्यांचा रोग’ म्हणून पुस्तकांत जाऊन बसला. उलट्यांनी गेलेल्या त्या मुलीची आठवण मागे पडली. आजही दारूचा थेंबही न घेतलेली तरुण गरोदर बाई समोर आली की या रोगाची शंका पटकन येत नाही, याचे एक कारण हेच आहे.

वेर्निके यांच्या काळात जीवनसत्त्व ही कल्पनाच नव्हती. ती आपल्या भाताच्या ताटातून पुढे आली. जावा बेटावर, तेव्हाच्या बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, माना टाकू लागल्या. शोध घेतल्यावर कळले, की त्यांना मधल्या काळात लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना देणे त्याला पटले नाही, त्याने तो बंद केला. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. पॉलिश करताना तांदळाच्या कोंड्याबरोबर काहीतरी मोलाचे निघून जाते, एवढे त्यातून कळले. ते ‘काहीतरी’ म्हणजे थायमिन. 1926 मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले, आणि आइकमान यांना 1929 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा. भात टरफलासकट उकडला की कोंड्यातले थायमिन दाण्यात उतरते आणि मग सडले, पॉलिश केले तरी बरेचसे टिकते. आपल्या देशात पूर्वी आंध्रच्या किनारपट्टीवर, जिथे कच्चा सडलेला तांदूळ खाल्ला जाई, तिथे बेरीबेरी दिसत असे. उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत ती क्वचितच आढळे. आता ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या घरांत येतो तो पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ. तो आपण तीन पाण्यांनी धुतो, पेज ओतून टाकतो आणि वर दिवसातून चार वेळा चहा पितो. चहामुळेही थायमिनचा काही अंश वाया जातो. म्हणजे ज्या बाईला दिवस जातात, तिची थायमिनची शिल्लक मुळातच काठोकाठ नसण्याचा संभव असतो. त्यात अतिवांती सुरू झाली तर तीन आठवडेही पुरणार नाहीत.

गरोदरपण आणि जीवनसत्त्व यांचा विचार करताना मुंबईचे नावही घ्यायला हवे. 1928 मध्ये डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. इथल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेचा त्यांना आधार होता, आणि त्यांच्या पाहणीत गिरणी कामगार बायका होत्या. यीस्टपासून केलेल्या एका साध्या, स्वस्त खाद्यपदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये जगासमोर मांडले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पडणारी ती छोटी गोळी म्हणजे मुंबईतल्या त्या कामाचीच पुढची पायरी. थायमिन त्याच ‘ब’ कुटुंबातले भावंड. पण त्याची आठवण आपल्याला अजून तितकीशी येत नाही.

आता या रोगाची लक्षणे सांगतो. ती नीट ऐका, कारण ती पहिल्यांदा घरच्यांनाच दिसतात.

पहिले लक्षण डोळ्यांचे. बाई म्हणते, ‘मला एकाचे दोन दिसतात’, ‘नजर ठरत नाही’. जवळून पाहिले तर बुबुळे बारीक हिसक्यांनी थरथरताना दिसतात. दुसरे चालण्याचे. पाय फाकवून, भिंत धरून चालते, झोकांड्या खाते. सपाट जमिनीवर हे कदाचित ध्यानात येणार नाही. पण कळव्यात पारसिकच्या उतारावर, घोलाईनगर किंवा भास्करनगरच्या पायऱ्या रोज चढ-उतर करणारी बाई अचानक पायरी चुकू लागली, कठडा सोडेनाशी झाली, तर ते लगेच दिसते. तिसरे लक्षण मनाचे. ती सुस्त होते, विचारलेल्याला भलतेच उत्तर देते, आज वार कोणता ते सांगता येत नाही, सकाळी आई येऊन गेली हे दुपारी आठवत नाही. काहींना याबरोबर तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पायांतली ताकद जाते.

ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. अतिवांतीमुळे हा आजार झालेल्या 49 रोग्यांच्या नोंदी 2006 मध्ये एकत्र अभ्यासल्या गेल्या. त्यांत तिन्ही लक्षणे एकत्र होती ती जेमतेम निम्म्या जणींत. म्हणून तिन्हींची वाट पाहायची नसते. आठवड्यांच्या उलट्या आणि यांतले एक जरी लक्षण असले, तरी तो धोक्याचा कंदील समजायचा. त्याच अभ्यासात जवळजवळ निम्म्या गर्भधारणा पूर्णत्वाला गेल्या नाहीत, आणि पूर्णपणे बऱ्या झालेल्या बायका एक तृतीयांशही नव्हत्या. हे आकडे घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणींना उपचार मिळाले ते उशिरा. वेळेवर मिळाले तर चित्र पालटते.

आता घरात काय होते ते पाहा. बाई झोकांड्या खाते, तर म्हणतात अशक्तपणा आहे. भलते बोलते, तर म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणते बाहेरची बाधा, अंगारा लावा. कुणी तर सरळ म्हणते, काम नको म्हणून नाटक करते. या साऱ्यांत जातात ते मोलाचे दिवस. या बाईला ना वेड लागलेले असते, ना बाधा झालेली असते. तिच्या मेंदूची काडी संपलेली असते.

‘नाटक’ या शब्दावरून आणखी एक सांगायला हवे. अतिवांती ही मनाची दुबळीक आहे, नको असलेल्या गर्भाची ती प्रतिक्रिया आहे, असे एके काळी डॉक्टरसुद्धा मानत. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक महत्त्वाचे संशोधन आले. जीडीएफ-15 नावाचे एक संप्रेरक गर्भाकडून व वारेकडून आईच्या रक्तात येते आणि मळमळ निर्माण करते. ज्या बायकांच्या अंगात गरोदरपणापूर्वी हे संप्रेरक कमी असते, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्याची अचानक वाढ त्यांना फार बाधते, असे त्यातून दिसले. हे संशोधन करणाऱ्यांत अमेरिकेतल्या मार्लिना फेझो होत्या. 1999 मध्ये अतिवांतीमुळेच त्यांचा स्वतःचा गर्भ गेला होता. तेव्हा यापुढे कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणाले, तर त्यांना सांगा, हे रक्तातले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे थकवा आला की ‘बाटली चढवणे’ हा रामबाण उपाय समजला जातो. घरचेच डॉक्टरांना म्हणतात, ‘एक ग्लुकोज लावा, तरतरी येईल.’ अतिवांतीच्या बाईला शिरेतून पाणी आणि क्षार लागतातच, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो ग्लुकोजचा. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असते. ज्या शरीरात थायमिन जवळजवळ संपले आहे, त्यात एवढे सरपण एकदम ओतले, तर उरलीसुरली काडीही त्यात खर्च होते. आदल्या दिवशीपर्यंत नुसती थकलेली बाई बाटलीनंतर एकाएकी गोंधळलेली, डोळे फिरवणारी अशी होऊ शकते. नुसते ‘सलाईन’ म्हटल्याने हा धोका टळत नाही. मिठाच्या पाण्यात ग्लुकोज मिसळलेल्या बाटल्याही सर्रास वापरल्या जातात.

यावरचा उपाय साधा आहे. ग्लुकोज देण्याच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, थायमिनचे इंजेक्शन द्यायचे. वैद्यकीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: दीर्घकाळ उलट्या होणाऱ्या गरोदर बाईला थायमिन द्या, आणि ग्लुकोज देणार असाल तर त्याच्या आधी अवश्य द्या. औषध जुने आहे, महाग नाही, आणि बाळाला त्यापासून अपाय होतो असे आढळलेले नाही. रोगाची नुसती शंका आली तरी ते शिरेतून मोठ्या मात्रेत, म्हणजे दर वेळी दोनशे ते पाचशे मिलीग्रॅम, दिवसातून तीनदा दिले जाते. एमआरआय काढला तर मेंदूतल्या त्या खोल जागा पांढरट उमटलेल्या दिसू शकतात. पण सगळ्यांच्याच दिसत नाहीत, आणि त्या अहवालासाठी इंजेक्शन अडवून ठेवायचे नसते. आधी थायमिन, मग तपासण्या.

उपचार वेळेवर झाला की फरकही झपाट्याने दिसतो. डोळ्यांची हालचाल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुधारू लागते. गोंधळलेपणा काही दिवसांत निवळतो. चालणे सुधारायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. उशीर झाला तर काहींची स्मृती कायमची अधू होते. जुने सगळे आठवते, पण नवीन काही टिकत नाही. बाळ मांडीवर आहे आणि त्याला शेवटचे कधी पाजले हे आईला आठवत नाही, याहून मोठी शिक्षा कोणती? आणि हे सारे एका स्वस्त इंजेक्शनाने टळू शकत होते.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘डॉक्टरांनी व्हिटॅमिन दिलंय की’ असे बऱ्याच बायका सांगतात. पण कोणते? पहिल्या तीन महिन्यांत मिळते ती फॉलिक अॅसिडची गोळी. पुढे लोह आणि फॉलिक अॅसिडची. उलट्यांवर जी गोळी सर्वाधिक दिली जाते तिच्यात असते ब-6. यांतल्या कशातही ब-1 नसते. शिवाय गोळी घेतल्यावर पाच मिनिटांत उलटीतून पडली, तर ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. म्हणून पोटात काही ठरत नसेल तेव्हा इंजेक्शनच हवे.

मग घरच्यांनी काय करायचे? दोन उलट्यांच्या मधल्या वेळात थोडे थोडे खायला द्या. ताटभर जेवणाचा आग्रह नको. सकाळी उठण्यापूर्वी कोरडे काहीतरी, दिवसभर घोट घोट पाणी, सरबत, मीठ घातलेली पेज. फोडणीचा, तळणीचा वास नको. जरा बरे वाटू लागले की मोडाची मटकी, मूग, शेंगदाणे, तीळ, बाजरी-ज्वारीची भाकरी, मिळाल्यास उकड्या तांदळाचा भात द्या. यांतून थायमिन मिळते. पण हे सारे उलट्या आटोक्यात असतानाचे. चोवीस तास पाणीही ठरत नसेल, लघवी दिवसातून एक-दोनदा आणि गडद होत असेल, उभे राहिल्यावर भोवळ येत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उलट्यांनी अन्नपाणी तुटून आठवडा-दोन आठवडे झाले असतील, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढे विचारा: ‘डॉक्टर, इतके दिवस पोटात काही नाही. बाटली लावण्याआधी ब-1चं इंजेक्शन द्यायला हवं का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. गर्दीच्या ओपीडीत अशा एका प्रश्नाने डॉक्टरांनाही मदतच होते.

आणि डोळे, तोल, शुद्ध यांतले काही बिघडलेले दिसले, तर गल्लीतल्या दवाखान्यात बाटली लावण्यात दिवस घालवू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. कळव्यात ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. मुंब्रा, दिवा, भिवंडीपासून शहापूर, मुरबाडपर्यंतच्या बायका तिथे येतात. गरोदर बाईसाठी 102 आणि तातडीच्या वेळी 108 या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागवता येते. तिथे गेल्यावर उलट्या किती आठवड्यांपासून आहेत, वजन किती उतरले आणि आधी कुठे किती बाटल्या लावल्या, या तीन गोष्टी पहिल्यांदा सांगा. शक्य असेल तर जुने कागद बरोबर ठेवा.

आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना माझी खास विनंती आहे. आपण घरोघर जाता, गरोदर बाईची नोंद करता. उलट्यांबद्दल विचारताना ‘होतात का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘किती आठवडे झाले? काल काय पोटात राहिलं? चालताना तोल जातो का? एकाचे दोन दिसतात का?’ हेही विचारा. वजनाच्या काट्यावर तिला उभी करा आणि मागच्या वेळचा आकडा शेजारी मांडा. यंत्रसामग्री काही लागत नाही.

आपल्याकडे डोहाळजेवण होते, ओटी भरतात, झोपाळ्यावर बसवून कौतुक करतात. ते सातव्या महिन्यात. पण बाईला आधाराची खरी गरज असते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा पोट दिसत नाही, कौतुक सुरू झालेले नसते, आणि कामाला सूट मिळत नाही. पहाटे उठून डबे करायचे, सातच्या लोकलला लटकायचे, आणि वाटेत ओकारी आवरायची. त्या दिवसांत तिच्या सासूने, नवऱ्याने, शेजारणीने तिच्याकडे नीट पाहिले, तिने आज काय खाल्ले आणि त्यातले किती राहिले हे विचारले, तर पुढचे बरेच काही टळेल. बाई स्वतः सांगणार नाही, कारण दुखणे अंगावर काढायचे असेच तिला शिकवलेले असते. म्हणून विचारायचे आपण.